नातीची साक्ष

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. दोनदा वही काढली, चार ओळी लिहिल्या, पुन्हा मिटली. स्वतःची चूक लिहायची म्हटली की शाई सुकते. गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं. घरातल्या मंडळींना यातलं थोडंफार ठाऊक आहे, पण सगळं कुणालाच ठाऊक नाही.

गोष्ट २०१७ च्या मे महिन्यातली. माझे जावई पुण्यातल्या एका मंडळीचे पाळक आहेत. इंग्लंडमधल्या एका मंडळीशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तिथल्या लोकांनी तीन आठवड्यांसाठी बोलावणं पाठवलं, "कुटुंबासकट या, आमच्याकडे उपासनेत बोला, शाळांना भेटी द्या, तुमची गीतं ऐकवा." कुटुंबासकट म्हणजे जावई, लेक, अकरा वर्षांची नात आणि शेपटासारखी मी. लेक म्हणाली, "आई, तू चल. तुझा आवाज अजून बरा आहे, आणि चिमणीला सांभाळायला कुणीतरी हवंच."

मला आनंद झाला हे कबूल करते. सत्तरीकडे झुकलेली रत्नागिरीची मास्तरीण, आयुष्यात पुणे-मुंबई आणि एकदा बेळगाव यापलीकडे गेली नव्हती. व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे उमटेनात, तिथली मुलगी म्हणाली, "आजी, हात जरा पुसा." चाळीस वर्षं खडू धरलेली बोटं ती, पुसून काय होणार! तिसऱ्या खेपेला उमटले एकदाचे. मग आंबापोळी, फणसपोळी, कोकमं, मेतकूट असं सगळं बांधलं आणि मांडवी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली.

जाताना मनात एक गंमत घोळत होती. आमच्या कोकणात स्कॉटिश मिशनरी आले ते १८२३ साली, बाणकोटला. त्यांतले पहिले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागाहून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णैला शाळा काढल्या. माझ्या माहेरचे लोक नगरकडचे. तिथे अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये काम सुरू केलं होतं. म्हणजे दीडदोनशे वर्षांपूर्वी गोरी माणसं बायकामुलं घेऊन, जहाजात महिनोन् महिने काढून आमच्याकडे आली, आणि आता त्यांच्याच देशातलं एक देऊळ आम्हाला म्हणत होतं, या, आम्हाला काहीतरी सांगा. मी जावयांना तसं बोलूनही दाखवलं. ते हसून म्हणाले, "आई, कर्ज फेडायला चाललोय आपण."

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझ्या लेकीला २०१४ साली मुलगा झाला होता. जन्मतः हृदयात दोष होता. आठ महिने राहिला आणि गेला. तेव्हा नात आठ वर्षांची होती. बाळाला मांडीवर घेऊन ती तासन् तास बसायची. त्याच्या कानात काय काय सांगायची ते तिचं तिलाच ठाऊक.

इंग्लंडला जाण्याआधी ठरलं की प्रत्येकानं साक्ष द्यायची. आमच्यात साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांसमोर उभं राहून सांगणं. जावई म्हणाले, लहान मुलीनं सांगितलेलं लोकांच्या हृदयाला भिडतं. नातीनं बाळाबद्दल सांगावं. तिनं वहीच्या पानावर सातआठ ओळी लिहिल्या. त्या माझ्याकडे आल्या तपासायला, कारण घरात मराठीची मास्तरीण मी.

मी तपासल्या. शुद्धलेखन सुधारलं, वाक्यं सरळ केली. तिनं लिहिलं होतं, "बाळ गेला तेव्हा मी खूप रडले आणि मला देवाचा राग आला." मी त्यावर रेघ मारली. वर लाल शाईनं लिहिलं, "बाळ प्रभूच्या घरी गेला म्हणून आम्ही रडलो नाही. आम्हाला शांती मिळाली." लेकीनं त्याचं इंग्रजी केलं, नातीनं पाठ केलं.

का मारली मी ती रेघ? निबंध तपासायची सवय, हे एक कारण झालं. शेवट चांगला हवा, असं आम्ही मुलांना शिकवतो. दुसरं कारण असं की मलाही कुणीतरी तशीच रेघ मारून वाढवलं होतं. माझे वडील उपदेशक. बैलगाडीतून खेडोपाडी कीर्तनाला जायचे, आणि आम्हा भावंडांना पुढे उभं करून गायला लावायचे. समोर माझ्याच वर्गातल्या मुली बसलेल्या असायच्या. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. पण घरी आल्यावर वडील पाठीवर थाप मारून म्हणायचे, "प्रभूसाठी गायलीस, बरं वाटलं ना?" मी म्हणायची, "हो." त्यांचं माझ्यावर फार प्रेम होतं. त्यामुळेच तर "नाही" म्हणता आलं नाही.

असो.

इंग्लंडात आम्ही मिडलँड्समधल्या एका छोट्या गावी उतरलो होतो. देऊळ दगडी, मोठं, तीनशे माणसं सहज बसतील असं. येणारे जेमतेम चाळीस, त्यातले बहुतेक माझ्याच वयाचे. फार प्रेमळ माणसं. मला थंडी वाजते म्हणून एका बाईंनी स्वतःचा लोकरी स्वेटर आणून दिला आणि परत घेतला नाही. मेतकूट-भात करून घातला तर तिथल्या पाळकांनी दोनदा मागून घेतला.

पहिल्या सभेत नातीनं साक्ष दिली. लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या ठिकाणी दिली, तिथेही तसंच. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ती बोलताना समोर पाहत नाही, दिव्याच्या खांबाकडे पाहते. वर्गात पाठांतर म्हणताना पोरं करतात तसं. रात्री झोपेत ती दात खाऊ लागली होती. लेक म्हणाली, हवा बदललीय, होईल ठीक.

चौथी सभा रविवारी संध्याकाळी होती. ती उभी राहिली, दोन वाक्यं म्हणाली. मग "आम्ही रडलो नाही" इथे आली आणि थांबली. मला वाटलं विसरली. मी पुढच्या बाकावरून ओठांनी शब्द सांगायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाली, "हे खरं नाही. आम्ही रडलो होतो. मी अजूनही रडते." आणि खाली येऊन बसली.

देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जावयांचा चेहरा पांढरा पडला. मी आयुष्यात इतकी शरमले नसेन, आणि ते नातीच्या बोलण्यामुळे नव्हे. माझा शब्द त्या पोरीच्या तोंडात कोंबलेला होता, आणि तो तिनं सगळ्यांसमोर थुंकून टाकला होता.

तेवढ्यात ती स्वेटर देणारी म्हातारी उठली. हळूहळू चालत येऊन नातीशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. प्रार्थना नाही, उपदेश नाही, काही नाही. सभा संपेपर्यंत तशीच बसून राहिली. नंतर कळलं, तिचंही एक मूल पन्नास वर्षांपूर्वी गेलं होतं. नातीला ती एवढंच म्हणाली होती, "मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी वॉन्टेजला जायचं ठरलेलं होतं. तो माझाच हट्ट होता. शाळेत पंडिता रमाबाईंविषयी मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. बाकीच्यांना लंडन बघायचं होतं, मला वॉन्टेज. गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

वॉन्टेज म्हणजे ऑक्सफर्डशायरमधलं एक टुमदार बाजाराचं गाव. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. तो राजा तिथलाच, ८४९ साली जन्मलेला. तिथल्या सिस्टर्सचा संघ १८४८ मध्ये स्थापन झाला. पुण्याच्या पंचहौदाशी याच सिस्टर्सचा संबंध. १८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई निघाल्या त्या त्यांच्याकडेच. प्रवासाच्या खर्चासाठी त्यांना आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे पैसे कामी आले. मनात डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते जमलं नाही. नवरा, बिपिनबिहारी मेधावी, आदल्याच वर्षी वारले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण, आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा.

आनंदीबाईंनी त्याच वर्षी वॉन्टेजमध्ये विष घेतलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत, धर्माच्या धास्तीनं मन कसं पिचलं असेल कुणास ठाऊक. त्यानंतर काही दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या, मनोरमा बराच काळ सिस्टर्सकडे वॉन्टेजला राहिली.

आम्ही कॉन्व्हेंट बाहेरूनच पाहिलं. मग बाकीचे चहा प्यायला गेले आणि मी नातीला घेऊन चौकातल्या बाकावर बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून मास्तरीण जे करते ते केलं. धडा सांगायला लागले.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, मनोरमाला कुणी विचारलं होतं का, यायचंय का म्हणून?"

"अगं, दोन वर्षांच्या पोरीला काय विचारणार?"

"मोठी झाल्यावर?"

मी मनात हिशोब केला. १८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तेव्हा मनोरमा पाच वर्षांची होत आली होती. काही महिने तिकडे आईबरोबर राहिली, मग आईनं तिला परत इंग्लंडला सिस्टर्सकडे पाठवून दिलं आणि स्वतः विधवांच्या शाळेसाठी मदत गोळा करत अमेरिकाभर फिरल्या. त्यातूनच पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. किती बायकांचं आयुष्य त्या फिरण्यानं उजळलं! इतकी वर्षं मी वर्गात हेच सांगत आले. बोटीवर परत चढणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीविषयी एकाही वर्गाला एक वाक्यसुद्धा सांगितलं नव्हतं. धड्यात नव्हतंच ते.

"नसेल विचारलं," मी म्हटलं.

"मग ती आईवर रागावली का?"

"ते माहीत नाही गं. पण मोठी झाल्यावर ती आईच्याच कामात आली. अमेरिकेत शिकली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली. १९०३ च्या सुमारास ती स्वतः ऑस्ट्रेलियाला गेली, मुक्तीच्या कामाविषयी सांगायला. तेव्हा ती बाविशीच्या आसपास होती. १९२१ साली गेली, आईच्या आधी. रमाबाई त्यानंतर पुढच्या एप्रिलपर्यंतच राहिल्या."

नात गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे त्या आईचंसुद्धा बाळ गेलं."

मी "हो" म्हटलं आणि माझा बांध फुटला. तीन वर्षं लेकीसमोर, जावयांसमोर, देवळात, कुठेही मी रडले नव्हते. आजीनं खंबीर राहायचं असतं ना! तिथे परक्या गावाच्या चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, पदराला डोळे लावून रडले. नात माझा हात धरून बसली. कालच कुणीतरी तिला शिकवलं होतं, कसं बसायचं ते.

मग मी तिला म्हटलं, "ती रेघ मी मारली होती. चुकलं माझं."

ती म्हणाली, "माहितेय. लाल पेन तुझंच असतं."

रात्री मी लेकीशी बोलले. म्हटलं, पोरीला आता पुढच्या सभांना उभं करू नका. लेक माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, मला तरी कुठे विचारलं होतंस? नाताळच्या कार्यक्रमात तापानं फणफणलेली असतानासुद्धा मी गायले आहे. तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस." काय उत्तर देणार? माझ्या वडिलांकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे, प्रेमानं गुंडाळून दिलेली ही वस्तू. आम्हा दोघींना त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे ती माझ्या अंथरुणात येऊन झोपली, लहानपणी यायची तशी.

जावयांशी मात्र बोलणं अवघड गेलं. ते वाईट नाहीत, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय. त्यांची श्रद्धा खरी आहे. बाळ गेल्यावर ते खरोखरच रडले नव्हते, कारण एकदा रडायला लागलो तर थांबणार नाही अशी त्यांना भीती होती. हे त्यांनी त्याच आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच ते सांगितलं. भाषण नेहमीसारखं ओघवतं झालं नाही, दोनदा थांबले. पण ती चाळीस माणसं नंतर एकेक करून त्यांच्याजवळ आली आणि आपापलं सांगत राहिली. देवळाचे दिवे मालवायला रात्रीचे दहा वाजले. आम्ही तिकडे काही कर्ज फेडलं असेल तर ते त्या एका रात्री.

नात उरलेल्या दोन सभांत मागच्या बाकावर बसून चित्रं काढत होती. कुणी तिला काही म्हटलं नाही.

परत आल्यावर मी रमाबाईंची पत्रं पुन्हा काढून वाचली. सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेला तो पत्रसंग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापला, संपादक अ. भि. शहा. रमाबाई बाप्तिस्मा घेऊनही आपला विवेक कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरही त्यांनी वाद घातला. आणि मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, यावरूनही सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची रस्सीखेच चाललेली दिसते. पूर्वी मी हे सगळं स्वाभिमानी बाईची पत्रं म्हणून वाचलं होतं. या वेळी वाचताना दिसलं की दोन्ही बायका त्या लेकरावर जीव टाकत होत्या, आणि दोघी तिच्या वतीनं बोलत होत्या. मनोरमा तेव्हा एवढीशी. ती काय म्हणत होती, ते त्या कागदांत मला कमीच सापडलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. वेगळ्या राहिल्या, भांडल्या, रडल्या, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचून आपण हसतो, पण त्यातली मोठी गोष्ट हीच की टिळकांना वाट पाहावी लागली. वाट पाहणं हीसुद्धा सेवाच आहे, हे मला सत्तरीला टेकताना कळलं. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं. ते रागावले नसते असं आता वाटतं.

आता नात कॉलेजात आहे. देवळात कधी जाते, कधी जात नाही. तिचे वडील विचारत नाहीत. आठवतं तेव्हा ती आपणहून येऊन शेजारी बसते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आजी, तो साक्षीचा कागद आहे का गं तुझ्याकडे?"

आहे म्हटलं. बायबलात ठेवलाय.

"फोटो काढून पाठव. कॉलेजात आम्हाला लहानपणच्या एका आठवणीवर लिहायचंय. बाळावर लिहिणार आहे."

"तपासून देऊ का?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

ती हसली. म्हणाली, "वाच फक्त."

फोटो पाठवलाय. लाल रेघेखालचं तिचं वाक्य अजून स्पष्ट वाचता येतं.